न ओरडणारे टायर

हौशी मोटार शर्यतीत माझा मित्र सुधीर गाडी पळवतो, तेव्हा त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, वळणापाशी डोळे मिटून उभ्या राहतात. रोजच्या वापरातले साधे टायर पकड सुटण्याआधी किंचाळतात. त्याच्या गाडीची किंचाळी ओळखू आली की त्या म्हणतात, "आला."

या रविवारी त्याने शर्यतीचे टायर लावले होते. गुळगुळीत, तापले की डांबराला चिकटणारे. ते पकड सोडतात तेव्हा आधी सांगत नाहीत.

बाकीच्या गाड्या किंचाळत गेल्या.

"भावोजी, अजून आला नाही?"

"तीनदा समोरून गेला, वहिनी."

त्यांनी दचकून डोळे उघडले.

ओरडणाऱ्याची मला कधीच भीती वाटली नाही.

परतताना सुधीर गप्प बसून गाडी चालवत होता. वहिनी सारख्या म्हणत होत्या, "काहीतरी बोल ना रे."