उंबऱ्याचा पलंग

आमच्या घरात सुतारकाम मी करते. (आमचे हे बँकेत आहेत. खिळा ठोकायला सांगितला, तर आधी भिंतीची कागदपत्रं मागतील!)

जळोचीत राहायला आल्यापासून सासूबाईंचे गुडघे बिघडले. जमिनीवरून उठताना त्यांचं 'आई गं' चार घरं पलीकडे जायचं. डॉक्टर म्हणाले, "खाली झोपणं बंद!" पण दुकानातला पलंग सासूबाईंनी नुसती टिचकी मारून नापास केला.

"भुशाचा हाय ह्यो. मी न्हाय झोपायची!"

मग मीही हट्टाला पेटले. निमगाव केतकीचं आमचं जुनं घर पाडलं होतं. तिथलं सागवान टेम्पोत घालून आणलं, इंदापुरातून नवा रंधा घेतला. खिळे उपसले, भोकं बुजवली, पॉलिश मारलं. कडेला लाकूड कमी पडलं, तिथं एक जाडजूड तुकडा जोडला. अगदी बसायच्या जागी!

सासूबाई टेकणार, इतक्यात त्यांनी त्या तुकड्यावरून हात फिरवला आणि ताडकन उभ्या राहिल्या. (त्या गुडघ्यांवर!)

"आगं, ही घोड्याच्या नालेची भोकं, तू बुजवल्याली! ह्यो तर आपला उंबरा!"

ज्याच्यावरचं माप लवंडून मी या घरात आले, तो उंबरा! आणि मला ओळखू आला नाही!

"मग काय झालं, आत्या? लाकूडच ना?"

"उंबऱ्यावर कुणी बसतंय व्हय?"

मी अख्खा पलंग फिरवला. उंबरा भिंतीकडे.

"लक्षुमीचं तोंड भितीकडं?"

उंबरा सोडवला, त्या जागी वाशाचा तुकडा घातला आणि उंबरा पायथ्याला नेला.

"आता लाथा मारू व्हय तिला?"

हे पेपरातून म्हणाले, "काढूनच टाक की तो!" आम्ही दोघींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते पेपरासकट गच्चीवर गेले.

एव्हाना मला रडूच येत होतं. पण हरायचं नव्हतं! पुन्हा सगळे स्क्रू काढले आणि उंबरा उशाला बसवला, तोंड आतल्या बाजूला करून.

"आत्या, आता टेका डोकं. देवापुढं टेकतोच की!"

सासूबाईंनी बराच विचार केला. "ह्ये चालंल," म्हणाल्या आणि आडव्या झाल्या. बघता बघता घोरायला लागल्या! मला इतका आनंद झाला, की मी रंध्याला कुंकू लावलं.

सकाळी 'आई गं' न म्हणता उठल्या.

"लय ग्वाड झोप लागली बघ. पर उंबऱ्याफुडं रोज रांगोळी पायजे हां!"

उंबऱ्याचं तोंड आतल्या बाजूला, म्हणजे पलंगाखाली. त्यामुळे मी रोज सकाळी रांगोळीचा डबा घेऊन पलंगाखाली रांगत जाते.

सासूबाईंचे गुडघे आता छान आहेत. डॉक्टरांकडे हल्ली मी जाते!