देवदूताचा खोकला

डॉक्टरांनी पोटाच्या उजव्या बाजूला बोट दाबून सोडलं, मी ओरडले आणि ते समाधानाने म्हणाले, "अपेंडिसायटिस." म्हणजे आतड्याच्या शेपटीला सूज. आजच कापायची. म्हसवडच्या शाळेत मी शरीरशास्त्र शिकवत होते, पण ही शेपटी मलाही आहे हे कधी मनावर घेतलं नव्हतं. नवरा सीमेवर फौजेत, म्हणून दिरांनी मला सांगलीच्या दवाखान्यात आणलं होतं.

ऑपरेशन झालं. सिस्टर म्हणाल्या, मोठा श्वास घ्या, खोका, नाहीतर न्यूमोनिया होईल, म्हणजे छातीत कफ साठून ताप येईल. पण खोकलं की टाक्यांतून अशी कळ यायची, की मी कफासकट गप्प पडून राहिले.

शेजारच्या खाटेवर तासगावकडच्या हौसाबाई होत्या. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. त्याही खोकेनात. त्यांना ताप चढला आणि डॉक्टर चिंतेने म्हणाले, "छाती भरत चाललीय."

तापाच्या ग्लानीत हौसाबाईंनी डोळे उघडले. समोर दवाखान्याच्या पांढऱ्या झग्यात, केस मोकळे सोडून मी बसलेली.

"मी मेले व्हय?" त्यांनी विचारलं. "तुमी देवदूत का?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात सिस्टरनी त्यांच्या मागून 'हो म्हणा' अशी मान हलवली. मी हो म्हटलं.

मग माझी परीक्षाच सुरू झाली. पंख कुठं हायत? धुवायला टाकलेत. राहता कुठं? घाबरून मी खरं सांगून बसले, म्हसवडला. ते काही त्यांना पटेना. मग देवदूत करतो तरी काय? मी म्हटलं, देवाचा निरोप आणतो. आणि निरोप असा आहे की, खोका.

"लय दुखतंय. आधी तुमी खोकून दावा."

देवदूत खोकला. डोळ्यांतून पाणी आलं. ते बघून हौसाबाई खोकल्या. मग दिवसभर आम्ही त्यांच्या उशाची मोसंबी खात आळीपाळीने खोकत राहिलो. त्यांचा ताप हळूहळू उतरला, माझीही छाती मोकळी झाली. डॉक्टरांनी श्रेय औषधाला दिलं.

घरी निघताना हौसाबाईंनी माझा हात धरला.

"ताप उतारला तवाच वळखलं मी. देवदूत काय दुसऱ्याची मोसंबी मागून खातोय?" मग हळूच म्हणाल्या, "पर बाई, माज्यासाठी आजवर कुनी खोकलं न्हवतं."

तुमच्यावर अशी वेळ आली, तर टाक्यांवर उशी दाबून धरा आणि खोका. आणि शेजारच्या खाटेवर कुणी असलं, तर जरा मोठ्याने खोका.