टेकडीवरचा वरवंटा

"आप्पा, कुणी हात लावायचा न्हाय!" मॅडम ओरडल्या आणि ब्रश घेऊन ढिगापुढं गुडघ्यावर बसल्या. ब्रशखाली माझ्या बायकोचा वरवंटा.

मी निपाणीजवळच्या एका टेकडीवर कंत्राटी वॉचमन. शाळा चौथीपर्यंत. वर मोठ्या धोंड्यांचं कडं आहे, मधे दगडांचा ढीग. ऑफिसात त्याला केर्न म्हणतात. म्हणजे थडगं. हजारो वर्षांमागं कुणीतरी आपलं माणूस पुरलं आणि वर दगड रचले. त्यातला एक दगड हलवला तरी गुन्हा, असा बोर्ड आहे. त्या बोर्डाशेजारी बसायची माझी ड्यूटी.

औंदा बायको गेली. सुनेनं मिक्सर आणला. पाटा घरामागं परड्यात गेला, वरवंटा दाराला अडकण म्हणून. मी बोललो, तर म्हणाली, "भंगारात घालते."

मग मी डोकं चालवलं. जिथला दगड कुणाला उचलता येत नाही अशी जागा माझ्या बघण्यात एकच, आणि तिथला वॉचमन मीच. मागच्या आठवड्यात नेऊन ठेवला ढिगावर. खुर्चीतनं दिसायचा. बरं वाटायचं.

आणि आता बेळगावहून सर्वेला आलेल्या ह्या मॅडम.

"अश्मयुगातला दिसतोय! कसला गुळगुळीत झालाय बघा!"

"व्हणारच. जलमभर चटणी वाटलीय तिनं."

"कुणी?"

"आमच्या मंडळीनं."

मॅडमनी ऐकलंच नाही. वरवंटा कापसात गुंडाळला, पिशवीत घातला. "म्युझियमला जाणार हा!"

तेव्हा मात्र मी जीपला आडवा झालो. "मॅडम, माझं माणूस गेलं. मागं ऱ्हायलंय ते एवढंच. वास घेऊन बघा, लसणीचा येतोय."

मॅडमनी वास घेतला. परत घेतला. तोंड उतरलं.

"आप्पा, इथं कशाला ठेवलासा?"

"सांभाळायला. घरात कोण सांभाळतंय?"

"नोकरी जाईल तुमची! न्या हा घरी."

"न्हेता येत न्हाय. बोर्ड वाचा."

मॅडमना हसू आवरेना. मग पिशवी दोन्ही हातांनी माझ्याकडं दिली. जीपमधनं नवा बोर्ड आला होता. जुना गंजका मी मागून घेतला.

तो आता स्वयंपाकघरात ठोकलाय. खाली वरवंटा.

"मामा, हे काय?" सुनेनं विचारलं.

"सरकारी काम."

ती मिक्सरसुद्धा जरा लांब ठेवते.

एवढ्या नोकरीत एक कळलं. दगड नुसता जुना असून भागत नाही. शेजारी खुर्ची टाकून कुणीतरी बसायला लागतं.