एक पैरा बाकी

नवरा फौजेत होता, त्यामुळे माझा सगळा संसार लष्कराच्या क्वार्टर्समध्ये झाला. तिथे भिंतीला भिंत लागून. शेजारणीच्या कुकरची शिट्टी झाली की आपणच गॅस बंद करायला उठायचं. निवृत्तीनंतर आम्ही सातारा जिल्ह्यातल्या त्याच्या गावी मळ्यात घर बांधलं आणि थोड्याच वर्षांत तो गेला. मग ते घर मला खायला उठलं. माणसांचा आवाज असावा म्हणून मी दिवसभर टीव्ही लावून ठेवायची. ताट वाढून घ्यायचा कंटाळा. ओट्याशी उभ्या उभ्या तव्यावरची पोळी तोडून खायची आणि घासायला भांडी कमी पडतात याचं स्वतःच कौतुक करायची. खरं सांगायचं तर मला भयंकर एकटं वाटत होतं, आणि त्याचा संतापही येत होता.

मुलगी पुण्याला. तिने माझ्यासाठी खोली रिकामी केली होती, पडदेसुद्धा लावले होते. "आई, तिथे तुझं आहे कोण?" हा तिचा नेहमीचा प्रश्न. त्यावर मी खेकसायची. शेवटी ठरलं, उन्हाळी भुईमूग निघाला की काय तो निर्णय घ्यायचा.

गाव वाईट नव्हतं. वाटेत भेटल्यावर सगळ्या बोलायच्या, पण माझ्या उंबऱ्याच्या आत कोणी येत नसे. आदल्या वर्षी शेंगा तोडायला मी बाहेरगावची टोळी आणली होती. संध्याकाळी मजुरी हातावर ठेवली, विषय संपला. कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही, ही आमची क्वार्टरमधली शिस्त, आणि मला तिचा फार तोरा होता.

यंदा बांधापलीकडे बायका शेंगा तोडत होत्या. त्यांचं हसणं माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येत होतं. न राहवून मी बांधावर गेले आणि शेजारच्या सुनेला विचारलं, "मजुरी काय देतेस गं यांना?"

"मजुरी कशाची, काकी? पैरा हाय. आज ह्या माझ्याकडं, उद्या मी ह्यांच्याकडं."

"मग मला का नाही बोलावलं?"

ती गोंधळली. "आवं, तुमचं काम टोळी करती. तुमास्नी आमचा पैरा कशाला लागंल?"

हे मला झोंबलं. मी कोणाचं काही देणं लागत नव्हते, मग माझ्या दारात कोण आणि कशासाठी येणार होतं? घरी येऊन टीव्ही बंद केला आणि डोक्याला बांधायला टॉवेल शोधला.

दुसऱ्या दिवशी बोलावणं नसताना गेले. त्यांनी माझ्यासाठी घरातून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. म्हणजे मी पाहुणी! खुर्ची बाजूला सारून मी उपटलेल्या वेलांच्या ढिगाशी मांडी ठोकली. गुडघ्यांनी बोंब मारली, नखांत माती गेली, आणि माझी पाटी अर्धी होईपर्यंत बाकीच्यांच्या भरून रित्या झाल्या.

"मिलिटरीची गाडी लय दमानं चालतीया," एक म्हातारी म्हणाली.

"दमानं चालते, पण मागे फिरत नाही," मी म्हणाले.

दुपारी डबे उघडले. माझ्या डब्यात एकटीपुरता उपमा. त्यावर भरपूर चेष्टा झाली आणि माझ्यापुढे भाकरी न् खर्डा आला. किती दिवसांनी मी बसून जेवत होते! ते लक्षात आलं आणि रडूच फुटलं. खर्डा फार तिखट आहे, असं मी सांगितलं. सगळ्यांनी ते मान्य केलं.

पुढे मी एकीचंही रान चुकवलं नाही. मग माझा भुईमूग उपटून झाला. टोळीवाल्याचा फोन आला, त्याला नको म्हटलं. घरोघरी जाऊन सांगितलं, "उद्या माझं."

सकाळी ढिगाशी बसले. ऊन चढलं तरी बांधावर कोणी दिसेना. पुण्याचे पडदे डोळ्यांपुढे आले. मी दात-ओठ खाऊन ठरवलं, कोणी नाही आलं तरी हा ढीग मी एकटी संपवणार, कितीही दिवस लागोत. टीव्ही नाही, फोन घरात, शेंग तुटल्याचा तेवढा बारीक आवाज. नवल म्हणजे मला स्वतःची सोबत जाचत नव्हती. मी चक्क स्वतःशी बोलत होते, आणि बाई बरी बोलत होती.

तेवढ्यात बांधावरून हाक आली, "आवं काकी, दम धरायचा न्हाई व्हय? आज नळाला पाणी आलं हुतं, म्हून उशीर झाला!"

संध्याकाळपर्यंत ढीग संपला. एकटी शेजारची सून तेवढी आली नव्हती. तिचं पोर तापलं होतं. ती आली ती काम उरकल्यावर, ओशाळून. "काकी, माझा पैरा ऱ्हायला की. सांगा, काय काम हाय?"

काम होतं. पोत्यातल्या शेंगा निवडायच्या होत्या. मी म्हणाले, "काही नाही. राहू दे तो तसाच."

रात्री मुलीचा फोन आला. "आई, निघाला ना भुईमूग? मग कधी येतेस?"

"चार दिवस येईन, पडदे बघायला. राहायला नाही. इथे माझा एक पैरा बाकी आहे."

पैरा म्हणजे काय, ते तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग घेऊन टाक ना तो!"

"तोच तर फिटू द्यायचा नाही," मी म्हणाले, आणि ताट वाढून घेऊन बसले.