तिच्या हातची शेवटची काच

ती गेली तेव्हा तिनं केलेली शेवटची काच माझ्या टेबलाच्या खणात होती.

यवतमाळच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवते. ती माझ्याकडे संशोधन करायची. काचेवर सोन्याचा अगदी पातळ थर द्यायचा आणि त्यात केसाच्या जाडीहून शेकडो पटींनी बारीक भोकं ओळीनं पाडायची, हे तिचं काम. तसलं यंत्र आमच्याकडे कुठलं! त्यासाठी ती मोठ्या शहरात जाऊन राहायची. काच घेऊन परतली की अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघी तिच्यातून प्रकाश सोडून मोजत बसायचो. भोकं प्रकाशाच्या लहरीपेक्षाही लहान. एकट्या भोकातून तो जवळजवळ जातच नाही. ठरावीक अंतरावर ओळी मांडल्या की कितीतरी जास्त पार होतो.

"पाहा मॅडम, कसा घुसून राह्यला!" ती दरवेळी म्हणायची.

उन्हाळ्यात तिला कावीळ झाली, आणि बघता बघता ती गेली.

पुढं कधीतरी मी ती काच मोजायला काढली. पडदा ओढला आणि मागं तिचं स्टूल सरकल्याचा आवाज आला. वळून पाहिलं. कुणी नव्हतं. पार होणाऱ्या प्रकाशाच्या आलेखातलं शिखर मात्र नेहमीच्या जागेवरून लाल रंगाकडं सरकलं होतं. सूक्ष्मदर्शकात कारण दिसलं. भोकांवर बोटाचा ठसा होता. हातमोज्यांशिवाय काचेला न शिवणारी ती. त्या दिवशी अंगात ताप असणार. माझा पुसायला हात होईना. काच तशीच ठेवून दिली.

मग केळापूरहून तिची आई आली, लेकीची पुस्तकं न्यायला.

"तिनं काय केलं, ते दाखवता काय मले?"

मी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. भोकांच्या ओळींचे लाल, हिरवे चौकोन त्या पाहत राहिल्या.

"हे बोट कोनाचं हाय?"

"तिचंच."

त्यांनी कितीतरी वेळ डोळा काढला नाही.

"काकू, हा ठसा पुसल्याशिवाय मोजता येत नाही. पण तुम्हाला हवी तर काच अशीच घरी न्या."

"आन् मंग तिचं काम?"

"अर्धवट राहील."

त्यांनी पुन्हा एकदा आत पाहिलं. मग म्हणाल्या, "पुसा, मॅडम. पन मी इथं हावो तवरच पुसा."

मी द्रावणात काच धुतली, वाळवली, पुन्हा प्रकाश सोडला. शिखर जागेवर आलं.

"गेली काय?" त्यांनी विचारलं.

ठसा गेला का, असं त्यांना विचारायचं असावं. मी मान हलवली. त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि पुस्तकांची पिशवी उचलली.

ते काम पुढं तिच्या नावानं छापून आलं. मी अजून त्याच खोलीत मोजमापं घेते. दिवा घालवताना "अंधार करते गं" असं मोठ्यानं म्हणते आणि जराशी थांबते. नवे विद्यार्थी एकमेकांकडे पाहतात.