हेडलाइटवरची काळी टेप

देवरीच्या पुढे, छत्तीसगडच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या निमलष्करी दलाचा कॅम्प होता. मी सब-इन्स्पेक्टर, प्लाटून कमांडर. मूळचा साताऱ्याकडचा. त्याआधीच्या दोन पोस्टिंग नक्षल भागातच झाल्या होत्या. तिथे मी एकच गोष्ट शिकलो. जे रोज दिसतं, त्याच्यावर आधी संशय घ्यायचा.

आमचं काम रोड ओपनिंगचं. रसद किंवा अधिकारी जाण्याआधी रस्ता तपासायचा. सुरुंगाच्या भीतीने मोठी गाडी टाळायचो. चार मोटारसायकली, आठ जवान. पुढे चालवणारा, मागे रायफल घेऊन बसलेला. दोन गाड्यांत पन्नास मीटर अंतर. निघायची वेळ रोज बदलायची.

त्या वर्षी आम्हाला नव्या मोटारसायकली मिळाल्या. नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन सुरू होताच लागतो, तुम्हाला माहीत असेल. बंद करायला बटणच नाही. भर दुपारी आमचे चार दिवे लांबून मोजता यायचे. मला ते पहिल्या दिवसापासून खटकलं.

कॅम्पपासून सहा किलोमीटरवर एक फाटा होता. तिथे सोनबा कापगते नावाच्या माणसाचं पंक्चरचं दुकान. वय साठीच्या पुढे. आम्ही जवळ आलो की तो उठून उभा राहायचा, हात वर करायचा आणि बोटांची उघडझाप करायचा. दिवसा लाइट चालू दिसला की लोक अशी खूण करतात, हे मलाही माहीत होतं. पहिल्या दिवशी मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडा झाला. आम्ही कधीही निघालो तरी सोनबा उभा, बोटं चालूच. प्रत्येक गाडीला पुन्हा तीच खूण. चार गाड्या, चार वेळा.

मला वाटलं, हा आम्हाला सांगत नाही. समोरच्या झाडीत बसलेल्या कोणाला तरी आमचा आकडा सांगतोय.

लीड गाडी कॉन्स्टेबल ज्ञानोबा शेळके चालवायचा. जालन्याकडचा, एकोणतीस वर्षांचा, प्लाटूनमधला सगळ्यात चांगला ड्रायव्हर. मी त्याला विचारलं, "तो म्हातारा काय करतो?"

"लाइट चालू आहे म्हणतो, साहेब."

"रोज?"

"रोज."

"कशावरून?"

संध्याकाळी मी काळी टेप मागवली आणि चारही हेडलाइट झाकायचा हुकूम दिला.

शेळकेने टेपचा रोल हातात घेतला, पण लावला नाही. तेव्हा रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. मुरूम वाहणारे टिप्पर दिवसभर धावायचे. डिसेंबर होता, पाऊस जाऊन बरेच दिवस झालेले. टिप्पर गेला की दोन मिनिटं समोरचं काही दिसायचं नाही.

"साहेब, टिप्परवाल्यांना आपण दिसायला नको का?"

"टिप्परवाल्यांनाच दिसायला नको. त्यांच्यातलाच कोणी खबर देत असेल," मी म्हणालो. "लाव टेप."

"येस सर."

दुसऱ्या दिवशी सोनबाने खूण केली नाही. तो नुसता बघत उभा राहिला. माझा संशय पक्का झाला. लांबून दिवे दिसेनात, म्हणून त्याचं आकडा सांगणंही थांबलं, असं मी धरलं. त्याची चौकशी करायची म्हणून त्याचं नाव मी डायरीत लिहून ठेवलं.

टेप लावल्यानंतर चौथ्या दिवशी आम्ही सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी निघालो. मी तिसऱ्या गाडीवर मागे बसलो होतो. फाटा ओलांडला. पुढे वळण होतं, दोन्ही बाजूंना सागाची झाडी. समोरून एक टिप्पर गेला. धूळ उठली. शेळकेची गाडी त्या धुळीत शिरली. मग ब्रेकचा आवाज आला, आणि लगेच मोठा धडाका.

रेडिओवर दुसऱ्या गाडीवरचा जवान ओरडला, "अल्फा वन डाउन! अल्फा वन डाउन!"

"सगळे पोझिशन घ्या. झाडीवर नजर. फायर माझ्या हुकुमावर."

ड्रिल तसंच आहे. रस्त्यात गाडी अडवायची, माणूस पाडायचा, मदतीला येणाऱ्यांवर गोळीबार करायचा. हे मी आधी पाहिलेलं होतं. आम्ही रस्त्याच्या कडेला आडवे झालो. धूळ खाली बसली. रस्त्यावर दुसरा टिप्पर तिरका उभा होता. पुढे शेळके पडलेला. त्याच्या मागे बसलेला जवान पाय धरून कण्हत होता.

टिप्परचा ड्रायव्हर दोन्ही हात वर करून खाली उतरला. "दवाखान्यात न्या जी त्याले! जित्ता हाय!"

"जमिनीवर झोप!"

तो झोपला. झोपूनही तेच ओरडत राहिला.

झाडीत काही हलत नव्हतं. मी थांबलो. आणखी थांबलो. मग मागून चपलांचा आवाज आला. फाट्यावरून सोनबा धावत येत होता. हातात पाण्याचा कॅन. एका जवानाने रायफल त्याच्याकडे वळवली. तो थांबला नाही. सरळ शेळकेजवळ जाऊन खाली बसला आणि आमच्याकडे वळून ओरडला, "तिकडे झाडाईत काय पाहून राहिले? पोरगा इथं मरून राहिला ना!"

मी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं गेली होती.

त्याच टिप्परमध्ये दोघांना घालून आम्ही देवरीच्या दवाखान्यात आणलं. मागे बसलेला जवान वाचला. शेळके ऑपरेशनच्या टेबलावरच गेला. अकरा मिनिटं आधी आणलं असतं तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही."

टिप्परच्या ड्रायव्हरला मी दोन तास प्रश्न विचारले. कोणाचा माणूस? कोणी सांगितलं? वेळ कशी कळली? त्याचं उत्तर बदललं नाही. "पुढच्या टिप्परचा धुरळा होता. खड्डा चुकवाले मी गाडी उजवीकडे घेतली. समोर लाइट दिसला असता तं काऊन घेतली असती, साहेब? तुमची गाडी मातीच्या रंगाची, कपडे झाडाच्या रंगाचे. मले काहीच दिसलं नाही जी."

मग मी सोनबाला बोलावलं. नवीन गाडीचा लाइट बंदच होत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे येणाऱ्या गाड्या सगळ्या जुन्या.

"बॅटरी उतरते ना जी. जंगलात गाडी बंद पडली तं तुमचं काय होईल? मी तं रोज सांगून राहिलो. मंग तुमी झाकले, मले वाटलं, ऐकलं बापा यायनं."

मी त्याला घरी जायला सांगितलं. डायरीतल्या त्याच्या नावावर रेघ मारली. दुसऱ्या सकाळी रोल कॉलच्या वेळी राहिलेल्या तीन गाड्यांवरची टेप मी स्वतः काढली. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत सांगितलं की हुकूम माझा होता आणि शेळकेने त्यावर शंका घेतली होती. मला लेखी ताकीद मिळाली. टिप्परवाल्यावर पोलिसांनी केस केली. तिथेही मी हेच सांगितलं.

तीन महिन्यांनी रजा मिळाली. साताऱ्याला न जाता मी शेळकेच्या गावी गेलो. वडील ओसरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. टेप, धूळ, अकरा मिनिटं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "त्यानं तुम्हाला सांगितलं होतं ना, झाकू नका म्हणून?"

"हो. सांगितलं होतं."

"मग त्याची काही चूक नव्हती."

"नव्हती."

गावात कोणी तरी म्हणालं होतं की पोरगा गाडी जोरात हाणत असेल, असं त्यांनी सांगितलं. चूक त्याची नव्हती, हे त्यांना कुणाकडून तरी ऐकायचं होतं. त्यांनी आत हाक मारली, बायकोला बाहेर बोलावलं आणि मला म्हणाले, "साहेब, हिलाही सांगा."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.