वाऱ्याच्या वाटेतली पाटी

हरिदास सर्वगोड विजापूर रोडला ताडपत्रीखाली बसून गाड्यांचे फुटके बंपर जोडतो. आडनाव सर्वगोड आणि जीभ कारल्याची, असं लोक म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. मोठ्या गाडीतून गिऱ्हाईक उतरलं की हा आधी बंपर बघतो आणि मग विचारतो, "कुत्रं वाचलं का मेलं?" तरी माणसं त्याच्याकडेच येतात, कारण त्याच्या हातचा सांधा शोधून सापडत नाही.

दर सोमवारी दुपारी हा माणूस हातातलं काम टाकून दवाखान्याबाहेर उभ्या असलेल्या एका ट्रस्टच्या ॲम्बुलन्सपाशी जातो. तिच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यात एक जाळी आहे. तिच्यावर आठवडाभरात कुणी काही चिकटवलं असेल तर ते नखांनी खरवडून काढतो आणि परत येतो. कधी कुठल्या भाऊच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात, कधी क्लासची जाहिरात. दोनदा त्यानं मार खाल्लाय. लोक त्याला खुळा म्हणतात. पुण्यात नोकरीला असलेली त्याची एकुलती एक मुलगी, संघप्रिया, त्याच्याशी बोलत नाही. लोकांना निदान कारण माहीत नाही, तिला ते माहीत आहे.

गोष्ट गेल्या एप्रिलची. हरिदासची बायको नागूबाई टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला होती. टॉवेलच्या कोपऱ्याला मालकाचं लेबल शिवायचं, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. बहिणीच्या घरच्या लग्नाला दोघं मोडनिंबला गेली होती. ऐन अक्षतांच्या आधी नागूबाईच्या छातीत कळ आली. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, सोलापूरला न्या, वेळ घालवू नका. नशिबानं एक ॲम्बुलन्स पेशंट सोडून रिकामी सोलापूरला निघाली होती, ती मिळाली. नशिबानं म्हणायचं आपलं.

मोहोळ ओलांडलं आणि गाडीनं धूर टाकला. ड्रायव्हर अमरेशनं बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. आत रेडिएटर उकळत होता. हरिदास खाली उतरला, पुढून बघितलं, आणि त्याला गाडीचा रोग तिथंच कळला. वारा आत घेणाऱ्या पुढच्या जाळीवर अडीच फुटी स्टीलची पाटी ठोकलेली होती. 'कै. गंगम्मा यांच्या स्मरणार्थ'. गाडीनं श्वास घ्यायचा तिथंच तिच्या तोंडावर हात ठेवलेला. बाकी सोलापुरात हौसेला मोल नाही. आमच्याकडं गाडी घेतली की आधी पाटी ठरते, मग रंग.

हरिदासनं पाटीचे बोल्ट नुसत्या हातानं फिरवायचा प्रयत्न केला. पत्र्यानं तळवा फाडला, बोल्ट हलला नाही. गाडीत पाना नव्हता. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात गाडी थंड व्हायची वाट बघत ती तिघं चाळीस मिनिटं थांबली. नागूबाईनं दोनदा पाणी मागितलं. तिसऱ्यांदा मागितलं नाही.

नागूबाईच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी हरिदास मार्केट यार्डात गेला. गंगम्माचा मुलगा शिवशरणअप्पा तिथं कांद्याचा आडत्या. आईच्या नावानं ट्रस्ट त्यानंच काढलेला, ॲम्बुलन्स त्यानंच दिलेली. हरिदासनं बायकोचं नावसुद्धा काढलं नाही. रडगाणं सांगून काम करून घ्यायचं त्याच्या स्वभावात नव्हतं. कारागिरासारखं बोलला.

"अप्पा, त्या पाटीनं गाडी तापती. पाटी मागं घ्या."

"मागची पाटी कोण वाचतंय रे? गाडी समोरनं येती की."

"मग खाली बंपरला लावा."

"आमच्या अव्वाचं नाव चाकाशेजारी? चिखल उडंल की त्याच्यावर!"

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर हरिदासनं दोन शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळा झाला असता. म्हातारा आईच्या नावापुढं हात जोडूनच बोलत होता. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतणार? शेवटी हरिदास म्हणाला, "पाटी राहू द्या. मी बंपरला वाट करतो. पैसे नकोत." अप्पानं आनंदानं मान हलवली.

त्या गाडीच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत कंपनीनं जाळीचं नुसतं सोंग दिलं होतं. वरून काळी नक्षी आणि मागं बंद प्लास्टिक. हरिदासनं ते प्लास्टिक कापून आरपार केलं आणि खडा आत जाऊ नये म्हणून तारेची जाळी बसवली. पण नुसतं भोक पाडून भागत नाही, वारा शहाणा असतो, सोपी वाट मिळाली की तो चाकाकडून निघून जातो. म्हणून निळ्या पिंपाचं प्लास्टिक तापवून, वाकवून त्यानं दोन्हीकडून थेट रेडिएटरपर्यंत नळ केले आणि फटी फोमनं बुजवल्या. सहा दिवस दुसऱ्या कुठल्या गाडीला हात लावला नाही.

मग त्यानं घरातून लाल सुताचा गुंडा आणला. हात पुसायला म्हणून नागूबाई कारखान्यातून आणायची तो. त्याचे बोटभर तुकडे पाटीच्या कडेला आणि दोन्ही जाळ्यांवर चिकटवले. अमरेशनं गाडी पळवली आणि हरिदास मोटारसायकलवर तिच्या बाजूनं, थोडा पुढं, मान वळवून बघत राहिला. असं चालवून मेला असता, पण त्याचं त्या वेळी त्याला काही नव्हतं. पाटीवरचे दोरे पत्र्यालाच चिकटून फडफडत होते. जाळ्यांवरचे दोरे मात्र आत ओढले गेले होते, ताठ. मोहोळपर्यंत जाऊन आले, एसी चालू ठेवून. तापमानाचा काटा अर्ध्यावरून हलला नाही. हरिदास ताडपत्रीखाली येऊन बसला आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवला.

शिवशरणअप्पा गाडी बघायला आला. फिरून फिरून बघितली, खूश झाला.

"झकास केलंस हरिदास! दोन बाजूला चिखल उडायचा नाही अशा दोन जागा झाल्या की. उजवीकडं आमच्या वडलांची पाटी लावतो. अव्वा एकटीच होती, चनबसप्पांचं नाव राहिलंच होतं."

तेव्हा मात्र हरिदासचा बांध फुटला. "अप्पा, तुमच्या आईच्या नावामागं माझी बायको मेली! मोहोळच्या पुढं, ह्याच गाडीत!"

म्हाताऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गाडीत एक बाई गेली एवढंच त्याच्या कानावर होतं. तो खरंच रडला, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, आणि हरिदासचा हात धरून म्हणाला, "डावीकडं तिचं नाव लावू. अव्वाच्या शेजारी. मी करून देतो पाटी."

हरिदासला नाही म्हणता आलं नाही. आता हे ऐकून कुणी नाक मुरडेल, तर त्यानं खुशाल मुरडावं. त्यानं रात्री संघप्रियाला फोनवर सांगितलं तेव्हा ती हमसून हमसून रडली.

"पप्पा, आईनं जन्मभर दुसऱ्याच्या नावाची लेबलं शिवली. तिचं नाव कशावर हाय सांगा? रेशनकार्डावर, तेबी तुमच्या खाली. लावा पप्पा."

"वारा अडतो, बाळा."

"एका पाटीनं काय होतंय? त्यांच्या आईचं चालतं, बापाचं चालतं, आपल्याच माणसाला वारा आडवा येतो का?"

पाटी आठ दिवसांत आली. 'कालकथित नागूबाई हरिदास सर्वगोड'. अप्पानं कुणाला तरी विचारून 'कै.'च्या जागी बौद्धांतला, आपल्यातला शब्द बरोबर घातला होता. त्या एका शब्दानं हरिदास विरघळला. उजवी पाटी अप्पाच्या माणसानं आधीच ठोकली होती. डावी हरिदासनं स्वतःच्या हातानं बसवली, चार बोल्ट, जाळीच्या मापात. मागं सरून वाचली. फोटो काढून संघप्रियाला पाठवला. नागूबाई एवढ्या मोठ्या अक्षरात त्यानं कधी बघितली नव्हती.

त्याच दुपारी मोहोळला एक बाळंतीण सोडायची होती. हरिदास अमरेशच्या शेजारी बसला. त्यानं पाना बरोबर घेतला होता. का घेतला ते त्यानं स्वतःला विचारलं नाही. मागं ती पोरगी, तिची आई आणि पाच दिवसांचं बाळ. शहर सुटलं तेव्हा काटा अर्ध्यावर होता. टोलनाक्याला पाऊण झाला. दोघंही त्याच्याकडं बघत होते. पुढं काटा लाल रेघेला टेकला आणि मागं बाळ रडायला लागलं, कारण अमरेशनं एसी बंद केला होता.

"थांब," हरिदास म्हणाला.

दुभाजकापलीकडं ती जागा होती. बाभळ तीच, मैलाचा दगड तोच. हरिदासनं गाडीपुढं उकिडवं बसून पाना लावला. चनबसप्पांच्या पाटीकडं त्यानं एकदा बघितलं. दुसऱ्याच्या बापाचं नाव काढायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आपलं माणूस तेवढं आपल्या हातात. पत्रा तापला होता, बोटं भाजत होती. चार बोल्ट, ह्या वेळी चारही निघाले.

मागचं दार उघडून बाळंतिणीच्या आईनं विचारलं, "काय झालं वो?"

"काय न्हाय मावशी. एक पाटी सैल झालती."

पाटी पायाशी उलटी ठेवून तो बसला. वीस मिनिटं थांबून निघाले, तेव्हा डाव्या जाळीवरचा लाल दोरा आत ओढला गेलेला असणार, इथून काही दिसत नव्हता. काटा हळूहळू पाऊणाखाली उतरला. तेवढ्यात फोन वाजला. संघप्रियानं पाटीचा फोटो स्टेटसला लावला होता, मावशीचं उत्तर आलं होतं, कारखान्यातल्या बायकांचं आलं होतं, आणि ती विचारत होती, "पप्पा, रविवारी सगळ्यांना घेऊन बघायला येऊ का?"

"नको बाळा, पाटी मी काढली," हरिदासनं सांगितलं, आणि तिनं फोन ठेवला.